खानावळवालीची वही: वजनाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर रक्त कसं सांभाळायचं

मालवणात माझी खानावळ आहे. दुपारी तीसेक ताटं, रात्री वीस. मे महिन्यात आणि नाताळात पर्यटक आले की मी मोजत नाही. २०२१ च्या दिवाळीत माझं वजन ११८ किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. साखर होती, गुडघे गेले होते, रात्री झोपेत श्वास अडकायचा. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईला जाऊन बायपासचं ऑपरेशन केलं, हृदयाचं नव्हे, वजन उतरवायला पोटाचं करतात ते. आज वजन ७४ आहे. पण वजनाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील, मला रक्ताबद्दल सांगायचं आहे. ऑपरेशनवाल्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या रिपोर्टच्या कागदावर चालतं, आणि ते मला कोणी नीट समजावेपर्यंत सव्वा वर्ष गेलं होतं.

आधी एक भ्रम काढून टाका. जाड माणूस म्हणजे भरपूर पोषण झालेला माणूस, असं नसतं. ऑपरेशनआधीच्या तपासण्या आल्या तेव्हा माझं हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) ९, बी-१२ १७२ आणि ड जीवनसत्त्व ११ होतं. सासूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढ्या आंगाच्या माणसाक रगात कमी कसा गो?"

कसं ते सांगते. तीस ताटं वाढणारी बाई स्वतः काय जेवते? सुरमईची तुकडी गिऱ्हाइकाला, शेपटीकडची पोरांना, आणि माझ्या ताटात साडेतीन वाजता भाताचा ढीग, वर सारातलं नुसतं पाणी. अधूनमधून वड्याचा तुकडा, चहा, खारी, परत चहा. म्हणजे कोठीत पोती रचलेली, पण सगळी तांदळाचीच. मिठाचा डबा, डाळीचा डबा रिकामा. अंगावर चरबी साठते तशी शरीरात प्रथिनं साठत नाहीत, आणि लोहाचा साठा खाण्यात लोह असेल तरच होतो.

ड जीवनसत्त्वाचं तर मला हसूच आलं होतं. समुद्रापासून चारशे पावलांवर घर, आणि ऊन कमी पडलं? पण मी सकाळी सहापासून चुलीपुढे, ऊन बघते ते खिडकीतून. शिवाय ड चरबीत विरघळतं. अंगात चरबी जास्त असली की ते तिथेच अडकून पडतं, रक्तात कमी दिसतं. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे आमचे शेजारी उघड्या अंगाने उन्हात असतात, त्यांच्याशी माझी बरोबरी नाही.

ऑपरेशनच्या आधी काय करायचं

डॉक्टरांनी मला दोन महिने मागे ढकललं तेव्हा मी चिडले होते. दिवाळीचा धंदा सोडून मुंबईला गेले होते. आता वाटतं, त्यांनी तेव्हा माझं ऐकलं असतं तर माझंच नुकसान होतं. आधीचा खड्डा आधी भरून घ्यायचा असतो. नंतर आतडं तेवढं ओढूनच घेत नाही.

तपासण्या मागून घ्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि लोहाचा पूर्ण अभ्यास, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर. बायपास करणार असाल तर झिंक, कॉपर आणि अ जीवनसत्त्वही. पोटातल्या एच. पायलोरी जंतूचीही तपासणी करतात, तो असला तर लोह आणि बी-१२ दोन्ही खाली राहतात.

यातली दोन नावं नीट लक्षात ठेवा, कारण छोट्या पॅकेजमध्ये ती गाळतात. एक पीटीएच. रक्तातलं कॅल्शियम जवळजवळ नेहमीच ठीक दिसतं. कमी पडलं की शरीर हाडांतून काढून रक्तात घालतं, आणि तो हुकूम सोडणारा संप्रेरक म्हणजे पीटीएच. तो वाढलेला असेल तर कॅल्शियमचा आकडा चांगला दिसूनही हाडं झिजत आहेत असं समजा. दुसरं फेरिटिन. अंगात सूज किंवा संसर्ग असला की ते खोटंच वर दिसतं, आणि जाडी ही स्वतःच एक बारीकशी सूज असते. म्हणून नुसतं फेरिटिन बरं दिसलं म्हणून खूश होऊ नका, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही विचारा, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर लोह किती भरलंय ते. माझं तर इतकं खाली होतं की संशयाला जागाच नव्हती.

चालू गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे उलटी करा. मी सहा वर्षं साखरेची मेटफॉर्मिन घेत होते आणि आठेक वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, कोणी न सांगता, दुकानातून आणून. मेटफॉर्मिनने बी-१२ उतरतं. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणि लोह दोन्ही. म्हणजे माझं १७२ हे नुसतं खाण्यामुळे नव्हतं.

मला आठ आठवडे दर रविवारी ड ची ६०,००० युनिटची पुडी, बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. जानेवारीत फेरिटिन ४१ आणि ड ३१ झालं, मग तारीख मिळाली. त्या पुड्यांबद्दल एक सांगते. आपल्याकडे त्या गोळीबिस्किटासारख्या मिळतात आणि लोक वर्षभर दर आठवड्याला घेत राहतात. ड अंगात साठून राहतं. आठ आठवडे सांगितले तर आठच, मग तपासणी.

शेवटचे दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रथिनांचा आहार देतात, तो यकृत आकसण्यासाठी. यकृत मोठं असलं की दुर्बिणीने पोटापर्यंत पोचायला अडचण होते. त्या पंधरवड्यात शेजारी बारसं होतं. मी गेलेच नाही.

बायपास आणि स्लीव्ह

आमच्या जिल्ह्यात मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण झालं, गावाबाहेरून रस्ते गेले, तेव्हा जुन्या रस्त्यावरच्या टपऱ्यांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. गाड्या तेवढ्याच, पण बाहेरून जातात. बायपासचं ऑपरेशन नेमकं तसंच. वर अंड्याएवढी छोटी पिशवी करतात आणि अन्न आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून खाली सोडतात. लोह आणि कॅल्शियम उचलणारी मोठी गिऱ्हाइकी त्याच पहिल्या भागात असते. अन्न त्या दारावरून जातच नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून केळ्यासारखी नळी ठेवतात. रस्ता जुनाच, वळसा नाही. म्हणून स्लीव्हवाले म्हणतात, आम्हाला गोळ्या कशाला? पण जठरातलं आम्ल कमी होतं, आणि बी-१२ ला हात धरून आतड्याच्या शेवटापर्यंत नेणारं एक द्रव्य जठरातच बनतं, तेही कमी होतं. यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटतं. मग एके दिवशी पायांना मुंग्या येतात. स्लीव्हवाल्यांनाही गोळ्या जन्मभर आहेत, यादी थोडी आखूड इतकंच.

पहिले सहा आठवडे

प्रत्येक ठिकाणचा तक्ता थोडा वेगळा असतो, तुमच्या डाएटिशियनचा असेल तोच पाळा. माझा असा होता: सुरुवातीचे दिवस नुसतं पातळ आणि गाळलेलं, मग दूध-ताकासारखं दाट पातळ, तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेलं, पाचव्यापासून मऊ, आणि दीडेक महिन्याने आपलं रोजचं. औषधाच्या बाटलीचं झाकण मी माप म्हणून वापरलं. एक झाकण, मग थांबायचं. दिवसभर घोट घोट करून दीड लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर चक्कर येते.

इथे सासूबाईंशी माझी पहिली लढाई झाली. आमच्याकडे आजारी माणूस म्हणजे पेज. "पेज खा गो बाय, पेजेन ताकद येता." पेजेवर माझा राग नाही, मी तिच्यावरच वाढले. पण अंड्याएवढ्या पिशवीत पेज भरली की दुसऱ्या कशाला जागा उरत नाही, आणि पेजेत प्रथिनं नावापुरती. तोड अशी काढली की आधी प्रथिनं, आणि जागा उरली तर दोन चमचे पेज, तीही उकड्या तांदळाची. उकड्या तांदळाचं कारण पुढे येईल.

घोटलेल्या खाण्याची वेळ आली तेव्हा मुडदुशीने हात दिला. मऊ मासा, आमच्याकडे बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला देतातच. हळद-मीठ घालून वाफवायची, काटा काढून बोटांनी कुस्करायची, वर चमचाभर सार. मूगडाळ घोटून, अंडं, अर्धकच्चं नव्हे, नीट शिजवून मऊ केलेलं, दह्यात फिरवलेलं पनीर. नारळाचं पाणी चालतं, नारळाचा कीस नाही. फणस तर पहिलं वर्षभर विसरा. चोथा आणि दोर अडकतात. आमच्या ओळखीतल्या एका काकांना गऱ्याने रात्रभर बसवून ठेवलं होतं.

जेवताना पाणी नाही, सोलकढीही नाही. अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर. सोलकढीशिवाय मासे म्हणजे मला सुतकातलं जेवण वाटलं होतं. आता ती चार वाजता वाटीभर पिते.

उलटी थांबत नसेल तर

हा भाग घाईत वाचू नका.

माझ्या मावसभावाचं स्लीव्ह झालं होतं. दीड महिन्याने उलट्या सुरू झाल्या. जे खाईल ते बाहेर. "सवय होतेय पोटाला" असं म्हणत त्याने तीन आठवडे काढले, गोळ्याही उलटून पडायच्या म्हणून बंद केल्या. मग तो होडीतून उतरलेल्या माणसासारखा डुलत चालायला लागला. एकाचे दोन दिसायचे. एका संध्याकाळी त्याने मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. जवळच्या दवाखान्यात नेलं तर अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजची सलाइन लावायला घेतली.

हे बी-१ चं, म्हणजे थायमिनचं दुखणं होतं. थायमिनचा साठा अंगात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. खाणं थांबलं, उलट्या लागल्या, की तो संपतो. आणि साखर जाळायला थायमिन लागतं, म्हणून रिकाम्या अंगात आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. आधी किंवा निदान सोबत थायमिनचं इंजेक्शन द्यायचं असतं. सुदैवाने त्याच्या बायकोने ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी फोनवरच तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. तो वाचला, डोळे चार दिवसांत सुधारले, चाल सुधारायला चार महिने लागले. डाव्या पायाला अजून मुंग्या आहेत.

म्हणून: दोन-तीन दिवस काहीच पोटात ठरत नसेल तर वाट बघू नका. चाल डुलणं, दुहेरी दिसणं, बोलण्यात घोळ, यातलं एकही दिसलं तर त्याच तासाला हॉस्पिटल. आणि घरातल्या माणसाला एक वाक्य पाठ करून ठेवायला लावा: "ह्यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या." मी ते कागदावर लिहून आधार कार्डामागे ठेवलं आहे. माझ्या नवऱ्याला डॉक्टरला असं सांगणं उद्धटपणाचं वाटायचं. मावसभावाला बघून आल्यावर वाटेनासं झालं.

उकड्या तांदळाचं कारण हेच. भात उकडून मग कांडला की कोंड्यातलं थायमिन दाण्यात उतरतं, पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जातं. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरने पॉलिशच्या तांदळावरच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले, आणि पुढे १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमच्या आज्या लाल उकड्याचीच पेज करायच्या, त्यांना नोबेल कोण देणार? तरी पेजेवर भरवसा ठेवून गोळी सोडू नका. ऑपरेशननंतर रोज निदान १२ मिलिग्रॅम थायमिन लागतं, शक्यतो ५० घ्यावं असं सांगतात.

बर्फ, आणि गोळ्यांचं घड्याळ

२०२३ चा एप्रिल. मी फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावायला लागले होते. उन्हाळा आहे, असं मला वाटलं. मग रात्री उठून बर्फ. एकदा बाजारात माशांच्या पेटीतल्या बर्फाकडे मी अशी बघत होते की कोळीण म्हणाली, "काय गो, मासो बघतंस की बर्फ?" जिना चढताना छाती धडधडायची, पोळ्या लाटताना हात गळून यायचे. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२, फेरिटिन ५. बर्फाची अशी ओढ हे लोह संपल्याचं लक्षण असतं. कोणी माती खातं, कोणी खडू, कोणी कच्चे तांदूळ. घरात असं कोणी दिसलं तर ओरडू नका, रक्त तपासा.

आणि गंमत म्हणजे गोळ्या मी एकही दिवस चुकवल्या नव्हत्या. चूक घेण्यात होती. सकाळी नाश्ता झाला की लोह, कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन एका मुठीत, वर कडक चहा. कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. चहा लोहाला बांधून टाकतो. महिन्याला जोराचं अंगावर जायचं ते वेगळंच. म्हणजे एका बाजूने गळती, दुसऱ्या बाजूने दार बंद. शेवटी सलाइनमधून दोनदा लोह घ्यावं लागलं, आणि दहा-बारा दिवसांत बर्फाची ओढ अशी गेली की कोणी पुसून टाकावी.

तेव्हापासून माझं घड्याळ असं आहे. आकडे माझे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

सकाळी सहाला, पहिली एसटी जाते तेव्हा, उपाशीपोटी लोह, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं उचललं जातं. पाळी चालू असलेल्या बाईला किंवा बायपासवाल्याला रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम शुद्ध लोह लागतं. पाकिटावर मोठा आकडा असतो तो मिठाचा म्हणजे संयुगाचा, त्याखाली बारीक अक्षरात शुद्ध लोह किती ते लिहिलेलं असतं, तो वाचा. चहा साडेसातनंतरच.

नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिन, झिंक आणि कॉपर असलेली. रंगीत गमी चघळून भागत नाही, त्यांत बहुधा लोह नसतं.

साडेअकराला, चारला आणि रात्री झोपताना कॅल्शियम, दर वेळी ५०० मिलिग्रॅम. तिन्ही एकदम घेतल्या तर उपयोग नाही, शरीर एका वेळी पाचशे-सहाशेच्या वर उचलत नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये निदान दोन तास. आणि कॅल्शियम सायट्रेटच मागा. साध्या कॅल्शियम कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं, आणि आम्लाचा कारखानाच आपण लहान केला आहे. दिवसाला अन्न धरून १२०० ते १५०० लागतं.

दुपारच्या जेवणाबरोबर ड, रोज ३००० युनिट, रक्तात ३० च्या वर राहीपर्यंत. तेलातुपाच्या घासाबरोबर ते चांगलं लागू पडतं.

बी-१२ चं इंजेक्शन महिन्याला एक, १००० मायक्रोग्रॅम. मी संकष्टीला घेते. तारीख विसरते, चतुर्थी विसरत नाही. कंपाउंडर आता चंद्रोदयाची वेळ विचारून माझी थट्टा करतो. इंजेक्शन नको असेल तर रोज जिभेखालची किंवा गिळायची मोठ्या मात्रेची गोळीही चालते, पण रोज म्हणजे रोज.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सकाळ त्या गोळीला द्यावी आणि लोह, कॅल्शियम चार तास लांब ठेवावं. माझी जाऊ लोह रात्री घेते आणि कॅल्शियम दुपारी-संध्याकाळी, तिचं छान चाललं आहे.

ताट

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. हा आकडा ऐकून सोपा वाटतो, दोन घासांत पोट भरणाऱ्याला विचारा. मी एकदा सगळं वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहिलं. एक उकडलेलं अंडं ६. पेलाभर दुधात दोन चमचे स्किम्ड दूध पावडर, मिळून ११. बांगड्याचं किंवा सुरमईचं ७५ ग्रॅम मांस १५. दही वाटीभर ३-४. पनीर पन्नास ग्रॅम ९. मूगडाळ किंवा कुळथाची पिठी वाटीभर, दाट, ६. एकूण पन्नासच. उरलेले वीस पहिल्या वर्षी प्रोटीन पावडरीतून आले. मला ती आवडत नाही, तोंडात पिठूळ लागते, पण घेतली. थंड ताकात मीठ-जिरं घालून ढवळली की निदान गोड लागत नाही.

नियम एकच: ताटातली तुकडी आधी, भात शेवटी. आणि आता तुकडी माझ्याही ताटात असते. खानावळ चालवणाऱ्या बायांनो, आधी स्वतःची तुकडी काढून झाकून ठेवा.

समुद्र आपल्याला पुष्कळ देतो. तिसऱ्यांत बी-१२ आणि लोह भरपूर, कालवांत झिंक. तारली प्रेशर कुकरला चिंचेत शिजवली की काटा मऊ होतो आणि त्यातून कॅल्शियम मिळतं. पण तिसऱ्या रबरी असतात, चार महिने होईपर्यंत हात लावू नका, नंतरही बारीक चिरून. नाचणीबद्दल आमच्याकडे फार अभिमान, कॅल्शियमची खाण म्हणून. खाण खरी, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम. पण अंबिलात पीठ किती जातं? दोन चमचे, वीस ग्रॅम. म्हणजे सत्तर मिलिग्रॅम. अंबील प्या, गोळी सोडू नका.

अडचण वारांची. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार. धरायला गेलं तर अर्धं वर्ष शाकाहारी. त्या दिवशी डोळे झाकून वरण-भात केला की प्रथिनं वीसवर येतात. मी वाराच्या दिवशी पनीर आणि दही दुप्पट करते, काळे वाटाणे मऊ शिजवून मिक्सरला फिरवते, सोयाबीनचा चुरा घालून उसळ करते. साबुदाण्याचा उपास मात्र सोडला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ गोळा, पिशवी भरते आणि अंगाला काही नाही. देव रागावला नाही.

१ जूनपासून बोटी किनाऱ्याला लागल्या की ताजा मासा महाग आणि कमी. सुकट, सोडे, गोलमा काढतो. सुक्या माशात प्रथिनं दाबून भरलेली असतात, पण मीठही. कोमट पाण्यात दोनदा धुऊन, पाणी टाकून घ्या, आणि बीपीवाल्यांनी बेतानेच.

गोडाचं एकच सांगते. पहिल्या गणपतीला मी अख्खा उकडीचा मोदक खाल्ला. दहा मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात कळ, आणि आरतीच्या वेळी मी माजघरात आडवी. बायपासनंतर साखर थेट आतड्यात उतरते, म्हणून असं होतं. हापूसचा रस हाही तोच प्रकार. फोड खाते, तीही जेवणानंतर.

किरकोळ, पण किरकोळ नाही

केस. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुठीने जातात. बहुतेकांचे परत येतात, वजन झपाट्याने उतरल्याचा तो धक्का असतो. प्रथिनं आणि लोह बघा. घाबरून झिंकच्या वेगळ्या गोळ्या घेऊ नका, जास्त झिंकने कॉपर उतरतं आणि मग अशक्तपणा, पायांना बधिरपणा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉइडसारखे काही रिपोर्ट चुकीचे येतात.

गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बायपासवाल्यांना वर्ज्य. पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे जखम होते, आतून रक्त झिरपतं आणि मग लोह का टिकत नाही म्हणून आपण शोधत बसतो. पॅरासिटामॉल चालते.

मूल हवं असणाऱ्या मुलींनी १२ ते १८ महिने थांबायचं. आणि गर्भनिरोधक गोळीवर बायपासनंतर भरवसा ठेवायचा नाही, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारायचा. वजन उतरलं की ज्यांची पाळी गडबडलेली होती त्यांनाही चटकन दिवस जातात.

तपासण्यांचं गणित: पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दर वर्षी, जन्मभर. मी तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या सोमवारी सहाच्या एसटीने कुडाळला जाते, लोहाची गोळी न घेता. मागच्या वर्षी लॅबवाल्या मुलाने पीटीएच गाळायचा प्रयत्न केला, "मावशी, हे कशाला, महाग आहे." मी पर्स उघडून पैसे मोजले. रिपोर्ट वहीत चिकटवते, जुन्या आकड्याशेजारी नवा. फेरिटिन ३० चं २६ झालं तर ते त्यातच दिसतं, सुट्या कागदावर "नॉर्मल" छापून येतं आणि आपण घरी येतो.

आणि पावसाचं. सायट्रेटवाली गोळी आमच्याकडे सगळीकडे मिळत नाही, जुलैत घाट बंद पडला की तर नाहीच. मी मेअखेर चार महिन्यांच्या पट्ट्या आणते. मेडिकलवाला विचारतो, "वहिनी, दुकान टाकताय काय?" पट्ट्या फोडून डब्यात ओतून ठेवू नका, आपल्या हवेत आठ दिवसांत गोळ्या ओलसर होऊन चिकटतात. आठवड्याच्या खणांच्या डबीत फक्त सात दिवसांच्या काढायच्या, बाकीच्या पट्टीतच, झाकणाच्या डब्यात. माझा डबा तांदळाच्या पिंपावर असतो, सुक्या सोड्यांच्या शेजारी. गोळ्यांना थोडा वास लागतो, पण मला चालतो.